सूर्यघड्याळ दुरुस्त करण्याआधी त्याची चूक मोजा

इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या कर्कडेल इथं सेंट ग्रेगरीचं एक लहानसं चर्च आहे. त्याच्या दक्षिणेकडच्या दारावर एक लांबलचक शिळा बसवलेली आहे, सुमारे २.४ मीटर लांब आणि अर्धा मीटर उंच. शिळेच्या मधोमध अर्धवर्तुळाकार सूर्यघड्याळ कोरलं आहे आणि दोन्ही अंगांना जुन्या इंग्रजीतला लेख आहे. गामलचा मुलगा ऑर्म यानं हे चर्च मोडून पडलेल्या अवस्थेत विकत घेतलं आणि पायापासून नवं उभारलं, एडवर्ड राजाच्या आणि टोस्टिग अर्लच्या दिवसांत, असं तो लेख सांगतो. टोस्टिगकडे नॉर्थम्ब्रियाची सरदारकी होती ती १०५५ ते १०६५ एवढाच काळ. म्हणजे घड्याळाचं वय दहा वर्षांच्या फरकानं सांगता येतं. त्या काळातल्या किती वस्तूंबद्दल असं म्हणता येईल? घडवणाऱ्या हावर्थचं नावसुद्धा शिळेवर आहे, आणि त्याच्या जोडीला ब्रँड नावाच्या पाद्र्याचं.

हे घड्याळ आज वेळ दाखवत नाही. सावली पाडणारी काडी, म्हणजे शंकू, केव्हाच गेली, आणि दारापुढे पडवी उभी राहिल्यामुळे तिथं ऊन नीट पोचतच नाही. मध्ये कधीतरी त्यावर गिलावा चढला होता. १७७१ मध्ये तो निघाला तेव्हा खालची अक्षरं वाचण्याजोगी मिळाली. घड्याळ म्हणून त्याला निकामी केलं ते गिलाव्यानं आणि पडवीनं, आणि दस्तऐवज म्हणून वाचवलं तेही त्यांनीच. उद्या कुणी ‘घड्याळ पुन्हा चालू करू’ म्हणत ही पडवी पाडायला निघाला तर लोक त्याला वेड्यात काढतील. पण जी घड्याळं एवढी नावाजलेली नाहीत, त्यांच्या बाबतीत असला वेडेपणा सर्रास होतो आणि त्याला ‘जीर्णोद्धार’ म्हणतात.

जुन्या सूर्यघड्याळासाठी वर्गणी जमते ती रंगासाठी, सोनेरी मुलाम्यासाठी, नव्या पितळी शंकूसाठी. त्याच्या उद्घाटनाला फीत कापता येते. नोंदीच्या कागदाला कोण फीत बांधणार? माझं म्हणणं याच्या उलट आहे. जुनं सूर्यघड्याळ आज किती चुकतं आणि कुठल्या बाजूला चुकतं, हा त्याच्याजवळ उरलेला सर्वांत मोलाचा पुरावा असतो. आधी ती चूक मोजून कागदावर उतरवावी, मग दुरुस्तीला हात घालावा, आणि नोंद नसेल तर दुरुस्तीला परवानगीच मिळू नये. यासाठी नवा कायदा लागणार नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या इमारतीत बदल करायचा तर त्या चर्चच्याच न्यायव्यवस्थेकडून लेखी परवानगी घ्यावी लागते. त्या अर्जाला घड्याळाचं नोंदपत्रक जोडलंच पाहिजे, एवढी अट पुरे.

कागदाची ताकद किती असते ते लंडनच्या ‘सेव्हन डायल्स’ चौकात दिसतं. १६९० च्या दशकात तिथं एक खांब उभा राहिला, त्याच्या माथ्यावर सूर्यघड्याळं. नाव सातांचं, पण घड्याळं सहाच. मुळात सहाच रस्त्यांचा आराखडा होता म्हणून. १७७३ मध्ये खांब उतरवला गेला. पुढची दोनशेहून अधिक वर्षं चौकात नुसतं नाव होतं. १९८९ मध्ये तिथं पुन्हा खांब उभा राहिला, कारण एडवर्ड पिअर्सनं काढलेलं मूळ चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये जपलेलं होतं. दगड हलला तरी कागद जागेवर होता.

सगळ्यांत जास्त धोक्यात आहेत ती मात्र अशी नामांकित घड्याळं नव्हेत. इंग्लंडमधल्या मध्ययुगीन चर्चांच्या दक्षिण भिंतींवर, विशेषतः दाराच्या चौकटीपाशी, वीतभर रुंदीच्या ओबडधोबड रेघोट्या आढळतात. मधे एक भोक आणि त्यातून पंख्याच्या काड्यांसारख्या खाली फाकलेल्या रेषा. यांना प्रार्थनेची घड्याळं म्हणतात. बहुतेक साधारण बाराव्या ते सोळाव्या शतकातली असतात. व्यास १० ते ३० सेंटिमीटर, जमिनीपासून उंची कमरेपासून डोळ्यांपर्यंत, आणि एकाच चर्चवर पाच-सहासुद्धा. भोकात काडी किंवा खिळा असायचा. त्याची सावली ठरावीक रेषेवर आली की घंटा वाजवायची, एवढाच उपयोग. डावीकडची, म्हणजे सकाळच्या बाजूची, एखादी रेषा बाकीच्यांपेक्षा खोल कोरलेली असते. ती प्रार्थनेची वेळ.

यांना ‘तास दाखवणारं घड्याळ’ समजणं ही पहिली चूक. काडी भिंतीला काटकोनात असेल तर तिची सावली फक्त मध्यान्हीला वर्षभर एकाच रेषेवर पडते. नऊ वाजताची सावली डिसेंबरात एकीकडे आणि जूनमध्ये दुसरीकडे. तास वर्षभर त्याच रेषेवर राहायला शंकूची धार पृथ्वीच्या अक्षाला समांतर लागते, आणि ती युक्ती युरोपात मध्ययुगाच्या अखेरीस रुळली. म्हणून अशा भोकात हौसेनं अक्षाला समांतर नवा शंकू ठोकणारा माणूस दुरुस्ती करत नाही, कधीही नसलेली वस्तू तयार करतो. वर भोक रुंद करतो ते वेगळंच. त्या भोकाची खोली आणि ते आत कसं गेलंय, सरळ की तिरकं, यावरूनच मूळ काडी कशी होती याचा अंदाज बांधायचा असतो. ड्रिल एकदा फिरलं की तो विषय संपला.

आणि प्रत्येक रेघोटी घड्याळ नसते. कंपासनं काढलेली पूर्ण वर्तुळं आणि सहा पाकळ्यांची फुलं चर्चच्या भिंतींवर पुष्कळ आहेत. दृष्ट लागू नये म्हणून काढलेल्या खुणा म्हणून त्या ओळखल्या जातात. फरक मधल्या भोकात असतो. कंपासच्या टोकाचा खळगा दोन-तीन मिलिमीटरचा आणि तळाशी निमुळता, तर शंकूचं भोक करंगळी जाईल इतकं रुंद आणि बहुधा बोटाच्या पेराइतकं तरी खोल. कधी त्यात शिसं किंवा गंजलेल्या लोखंडाचा तुकडा अडकलेला सापडतो. पाथरवटांच्या खुणा सरळ रेषांच्या आणि ठसठशीत असतात, त्यांना मधे भोक नसतं. आणखी एक घोटाळा एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीचा. तेव्हा भिंती उतरवून पुन्हा रचल्या, दगड मिळेल तिथं बसवले. त्यामुळे घड्याळाचा दगड उलटा, रेषा आकाशाकडे, असा मिळतो. कधी उत्तर भिंतीत, कधी थेट चर्चच्या आत. नवखा नोंदकर्ता ‘हे घड्याळ असूच शकत नाही, इथं ऊन येत नाही’ म्हणून पुढे जातो. उलट तिथंच थांबायला हवं, कारण ती भिंत कधीतरी पाडून पुन्हा रचली होती याचा तो दगड साक्षीदार आहे.

आता मोजायचं कसं. साहित्य गवंड्याच्या पिशवीतलं आहे: ओळंबा, गुण्या, पाणसळ, टेप, शिवाय कोनमापक आणि १० सेंटिमीटरची काळी-पांढरी पट्टी. भोकाची खोली लाकडी काडीनं मोजायची. लोखंडी सळईनं चुनखडीचा दगड कुरतडला जातो. फोटो काढताना ओळंब्याची दोरी चौकटीत दिसली पाहिजे. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण निम्मे फोटो इथंच वाया जातात. कॅमेरा तीन अंश कलला की मध्यान्हीची उभी रेषा तीन अंशांनी तिरकी दिसते, आणि मागाहून टेबलाशी बसलेला माणूस ‘भिंत दक्षिणेपासून वळलेली असावी’ असा सिद्धांत मांडतो. मोबाईल अगदी जवळ नेऊन फोटो काढला तर लेन्समुळे कडेच्या रेषांचे कोन बदलतात. दोन-तीन मीटर मागे उभं राहून झूम करावं. तीन फोटो लागतातच: सगळी भिंत, मग आजूबाजूचे दगड धरून घड्याळ, मग नुसतं घड्याळ. पहिला फोटो नसला तर पाच वर्षांनी तोच दगड शोधणं जिकिरीचं होतं. जीपीएस चार-पाच मीटरनं चुकतो आणि तेवढ्या अंतरात तीन घड्याळं असू शकतात. ‘दक्षिण दाराच्या उजव्या चौकटीवर, खालून तिसरा दगड’ हे शब्द कुठल्याही आकड्यापेक्षा कामाचे.

झिजलेल्या रेषा भर दुपारी दिसत नाहीत, ऊन समोरून पडून सगळं सपाट करून टाकतं. दक्षिण भिंतीवर ऊन घासून जातं अशी वेळ साधावी, किंवा सांजवेळी बॅटरी भिंतीच्या कडेला, जेमतेम दहा-पंधरा अंशांवर धरावी. मग ज्या दगडावर काही नव्हतं तिथं रेषा उमटून येतात, भोकाभोवतीचा खळगा दिसतो, रेषांच्या टोकांना टाकीनं मारलेले ठिपके दिसतात. इथंच माणसाला खडू हातात घ्यायचा मोह होतो. घेऊ नये. खडूनं भरलेली रेषा म्हणजे नोंदणाऱ्याला जे दिसावंसं वाटलं त्याचं चित्र, शिवाय मऊ दगडात पांढरा अंश राहतो तो राहतोच. तारेच्या ब्रशनं दगडफूल खरवडणं तर त्याहून वाईट, कारण दगडफुलाबरोबर दगडाची वरची कातडी निघते, आणि रेषा असते ती तेवढ्या कातडीतच. कागद लावून पेन्सिलीनं घासून ठसा घेण्याची जुनी पद्धतही ठिसूळ दगडावर नको.

कोन मोजताना शून्य कुठं धरलं ते पत्रकावर लिहावं. सोपा मार्ग म्हणजे ओळंब्याची रेषा शून्य, डावीकडचे कोन ‘सकाळ’ आणि उजवीकडचे ‘दुपार’. अर्ध्या अंशापर्यंत मोजलं तर पुष्कळ. हे सगळं धरून सरावलेल्या माणसाला एका घड्याळाला अर्धा तास लागतो.

अक्षाला समांतर शंकू असलेल्या नंतरच्या घड्याळांत मोजमापाचं फळ आणखी मोठं मिळतं. उभ्या, नेमक्या दक्षिणेकडे तोंड केलेल्या घड्याळात शंकूची धार भिंतीशी जो कोन करते तो ९० उणे अक्षांश असतो. लंडनला साडेअडतीस अंश, नॉर्थम्बरलंडला ३५ च्या आसपास. मध्यान्हीच्या रेषेपासून नऊची आणि तीनची रेषा किती अंशांवर आहे त्यावरूनही अक्षांश निघतो, कारण त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे अक्षांशाचा कोसाइन. लंडनसाठी हा कोन सुमारे ३२ अंश, ५५ अक्षांशाला ३० च्या जरा खाली. आता उत्तरेकडच्या एखाद्या चर्चवर रेषा ५५ अक्षांशाच्या आणि शंकू लंडनचा निघाला तर शंकू नंतर बदललेला आहे. दोन्ही लंडनचे निघाले तर सगळं घड्याळच बाहेरून आलं असावं, किंवा कारागिरानं लंडनच्या नमुन्यावरून उतरवलं असावं. नऊची आणि तीनची रेषा सारख्या अंतरावर नसतील तर आखणी वळलेल्या भिंतीसाठी केलेली आहे. मग प्रश्न येतो, ही भिंत तितकी वळलेली आहे का?

भिंत किती वळली आहे ते मोबाईलच्या होकायंत्रानं पाहू नये. पन्हाळीचा लोखंडी नळ, दाराच्या बिजागऱ्या, सगळं सुईला ओढतं. त्यापेक्षा ओळंबा चांगला. एक फळी पाणसळ लावून भिंतीला टेकवून आडवी धरायची, भिंतीपाशी ओळंबा सोडायचा, आणि त्या ठिकाणच्या खऱ्या मध्यान्हीला दोरीची सावली फळीवर आखून घ्यायची. ती सावली उत्तर-दक्षिण. भिंतीला काढलेला लंब आणि ही रेषा यांतला कोन म्हणजे भिंतीचं वळण. खरी मध्यान्ह मात्र घड्याळाचे १२ नव्हे. ऑक्सफर्ड ग्रिनिचच्या पश्चिमेला सव्वा अंश आहे, म्हणून तिथं ५ मिनिटं उशीर. (क्राइस्ट चर्चची घंटा आजही रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी १०१ ठोके देते ती याच हिशेबानं.) त्यात सूर्याची स्वतःची चालढकल: नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १४ मिनिटं मागे. म्हणजे ऑक्सफर्डची मध्यान्ह ३ नोव्हेंबरला ११ वाजून ४९ मिनिटांनी आणि ११ फेब्रुवारीला १२ वाजून १९ मिनिटांनी. उन्हाळी वेळ चालू असेल, म्हणजे घड्याळं तासभर पुढे केलेली असतील, तर वर एक तास. हिवाळ्यात मोजणी केली तर एका मिनिटाच्या चुकीनं कोन फक्त पाव अंश हलतो. जूनमध्ये त्याच्या दुप्पट.

आता दुरुस्तीत काय काय बिघडतं ते पाहू. भिंतीवरच्या दक्षिणाभिमुख घड्याळात सकाळचे आकडे डावीकडे असतात आणि तास डावीकडून तळाशी, तळाकडून उजवीकडे असे, आपल्या मनगटी घड्याळाच्या उलटे धावतात. पुसट आकडे नव्यानं रंगवणारा रंगारी सवयीनं ते सुलटे करतो. दुसरी गोष्ट जाड शंकूची. आडव्या घड्याळाचा शंकू १० मिलिमीटर जाड असेल तर मध्यान्हीला दोन रेषा असतात, मधे १० मिलिमीटरची फट सोडून, कारण सकाळी एक धार काम करते आणि दुपारी दुसरी. चोरीला गेलेल्या शंकूच्या जागी कुणी ३ मिलिमीटरचा पत्रा मधोमध बसवला की दोन्ही बाजूंना साडेतीन मिलिमीटरची चूक शिरते. १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या इंग्लिश घड्याळावर दुपारच्या सुमाराला ती सहा-सात मिनिटं भरते. लोखंडी शंकू असेल तर तो गंजून फुगतो आणि दगड फोडतो. तो काढणं योग्यच, पण त्याची जाडी, कोन आणि शिशाची बैठक टिपून ठेवल्यावर.

सर्वांत हानिकारक दुरुस्ती सर्वांत सोपी दिसते: घड्याळ मागे पडतंय म्हणून तबकडी थोडी फिरवणं. इंग्लंडमध्ये उन्हाळी वेळेसाठी हे करतात. शंकू उत्तरेकडून ढळतो, आणि पूर्वी एकसारखी असलेली चूक आता सकाळी वेगळी, दुपारी वेगळी, जूनमध्ये वेगळी होते. फिरवण्याआधीचे चार खिळ्यांचे डाग कुणी मोजले नसतील तर मूळ दिशा कायमची गेली.

इथं एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. नोंद म्हणजे पत्ता, आणि पत्ता म्हणजे चोराला आमंत्रण. चर्चच्या अंगणातली पितळी आणि कांशाची आडवी घड्याळं तीन-चार खिळ्यांवर उभी असतात आणि भंगाराच्या भावानंही जातात. हे परदेशातच घडतं असंही नाही. बिहारमध्ये डेहरी-ऑन-सोन इथं १८७१ मधलं सूर्यघड्याळ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याची धातूची पट्टी चोरांनी काढून नेली. पण हाच दाखला नोंदीच्या बाजूनं बोलतो. ते घड्याळ शहरात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. चोराला यादीची गरज पडली नव्हती. गरज पडते ती नंतर: सापडलेला तुकडा कोणत्या घड्याळाचा हे ओळखायला, आणि सापडलाच नाही तर नवा नेमका किती लांबीचा, जाडीचा आणि कोनाचा करायचा हे सांगायला. म्हणून यादी दोन पदरी असावी. भिंतीत कोरलेल्या घड्याळांचा पत्ता सगळ्यांना खुला, कारण भिंत कुणी उचलून नेत नाही. सुट्या धातूच्या आणि खाजगी जागेतल्या घड्याळांचं गाव खुलं, पण मापं, खिळ्यांच्या जागा आणि जवळून घेतलेले फोटो मागितल्यावरच द्यावेत.

१९८९ मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश सनडायल सोसायटी अशी नोंद ठेवते. स्थिर घड्याळांची एक आणि प्रार्थनेच्या घड्याळांची दुसरी, हजारो नोंदी, बहुतेक हौशी लोकांनी जमवलेल्या. तिच्याही आधी, १८७२ मध्ये, मार्गारेट गॅटी या लेखिकेनं सूर्यघड्याळांवरची बोधवचनं जमवून छापली. काम मोठं होतं, पण तिचं लक्ष मुख्यतः वचनांवर, कोनांवर नव्हे. आजही हौशी लोकांचं मन बोधवचनातच रमतं. ‘वेळ पळते’ हे लॅटिनमध्ये कुठं कुठं कोरलंय हे सांगणारे पुष्कळ भेटतात, शंकूचा कोन सांगणारे कमी. ब्रिटनमध्ये राहणारी मराठी माणसं शनिवार-रविवारी गावोगावची चर्चं पाहत हिंडतात. त्यांनी दक्षिण दाराशी दोन मिनिटं थांबून चौकट निरखली, तरी एखाद्या नोंदीत भर पडेल.

आपल्याकडे हा विषय परका नाही. फक्त तो भिंतीवर न राहता पंचांगात राहिला. १२ अंगुळं उंचीच्या शंकूची विषुवदिनी मध्यान्हीची सावली म्हणजे पलभा. पुण्याची पलभा जवळपास ४ अंगुळं, मुंबईची किंचित जास्त, लंडनची काढली तर १५. एका आकड्यात अख्खं अक्षांश. उज्जैनची वेधशाळा सवाई जयसिंगाची, पण मोडकळीला आलेली ती यंत्रं विसाव्या शतकात पुन्हा उभी राहिली ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या आश्रयानं. जयपूरची मोठी डागडुजी त्याआधी, १९०१ च्या सुमारास झाली. तेव्हा काही यंत्रांवर चुन्यातल्या मूळ खुणांच्या जागी संगमरवरी फरश्यांवर नव्या खुणा आखल्या गेल्या. आज त्या यंत्रांची अचूकता मोजणारा माणूस जयसिंगाचा काळ मोजतो की दुरुस्ती करणाऱ्यांचा, हा प्रश्न त्यामुळे कायम राहतो.

मुंबईतल्या घड्याळाकडे ‘चुकतंय’ म्हणून पाहणाऱ्यानं आधी ३९ मिनिटं आठवावीत. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबई तिच्या ३९ मिनिटं मागची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत धरून होती. सूर्यघड्याळ अजूनही तीच वेळ पाळतं. ११ फेब्रुवारीला ते हातावरच्या घड्याळामागे ५३ मिनिटं असेल, ३ नोव्हेंबरला २३. एवढी तफावत मिळाली तर घड्याळ बरोबर आहे, त्याला हात लावू नये. खरोखर चुकीची असतात ती विलायतेहून आणून बंगल्याच्या बागेत मांडलेली. त्यांचा शंकू ५१-५२ अंशांचा, मुंबईला हवा १९ चा. अशा वेळी शंकू वाकवू नये, रेषा पुसू नयेत. तबकडीखाली साडेबत्तीस अंशांची पाचर घालून दक्षिणेची कड उचलावी, म्हणजे शंकूची धार जिथं रोखायला हवी तिथं रोखते आणि मूळ वस्तूला ओरखडाही येत नाही.

नोंदीसाठी बाहेर पडणाऱ्यानं इंग्लंडच्या सवयी इथं आणू नयेत. तिथं दक्षिण भिंत पाहिली की काम झालं. इथं दर्शनी भाग कुठल्या दिशेला असेल ते गृहीत धरता येत नाही. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला आहे. आणि दक्षिण भिंत सापडली तरी पणजीच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, मुंबईत साधारण १६ मे ते २७ जुलै, सूर्य दिवसभर उत्तरेच्या अंगानं जातो. त्या काळात दक्षिण भिंतीवर ऊन सकाळी नाही, दुपारी नाही, संध्याकाळीही नाही. मेच्या सुट्टीत कोकण-गोव्याला जाऊन भिंती पाहणाऱ्याला दक्षिणेचं घड्याळ मेलेलं वाटेल. म्हणून ते पाहायचं ते नोव्हेंबर ते जानेवारीत. मेमध्ये उत्तर भिंत पाहावी, कारण इथं वर्षभर वेळ हवी असणाऱ्या कारागिराला तिथं दुसरं घड्याळ आखावंच लागलं असतं. उत्तरेच्या घड्याळाचा शंकू भिंतीतून बाहेर येऊन किंचित वर पाहतो, दक्षिणेचा किंचित खाली. दोन्ही भिंतीशी ७० ते ७५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ सरळ बाहेर आलेले. लांबून पाहिलं तर झेंड्याची काठी खोचायची नळी किंवा कंदिलाचा आकडा वाटावा. असा गंजका तुकडा भिंतीत दिसला तर त्याचा कोन मोजून घ्यावा, आणि खालच्या चुन्याच्या थरांवर बॅटरी आडवी धरून पाहावी.